पाणी चांगलं असल्याची तक्रार

इमारतीचं पाणी घाण आहे, हे एका संध्याकाळी साधारण चहाच्या वेळेला सगळ्यांना एकदम कळलं. सगळ्यांना म्हणजे सर सोडून. सरांचं म्हणणं वेगळं होतं, आणि पुढचं सगळं रामायण त्या म्हणण्यापायीच घडलं.

सर म्हणजे रसायनशास्त्राचे सर. शाळेतून ते निवृत्त झाले होते, पण त्यांच्यातला विषय काही निवृत्त व्हायला तयार नव्हता. जिन्याच्या कठड्याला गंज चढला की बाकीचे लोक रंगाऱ्याला बोलवा म्हणत. सर मात्र थांबून तो गंज कसा चढतो ते सांगत. ऐकणारा एखादा नवा भाडेकरू असायचा. जुने लोक सर दिसले की कठड्यापासून लांबून चालत. तरीही सरांना एका गोष्टीचा अभिमान होता: या इमारतीत रसायनाचा काही प्रश्न निघालाच, तर लोक आपल्याकडेच येतील. इतक्या वर्षांत तसा प्रश्न निघाला नव्हता, ही गोष्ट वेगळी.

आणि तो निघाला तेव्हा उत्तर द्यायला दुसराच माणूस उभा होता. पाणी शुद्ध करणारं मशीन विकायला आलेले हे गृहस्थ मध्यमवयीन, जरा घामाघूम, गळ्यात लाल टाय बांधलेले असे होते. नाव त्यांनी सांगितलं होतं, पण टाय इतका लाल होता की नाव कोणाच्या लक्षात राहिलं नाही; सगळे त्यांना टायवालेच म्हणू लागले. खाली गाड्या लावायच्या जागेत त्यांनी टेबल मांडलं, दोन काचेचे ग्लास ठेवले. एकात इमारतीच्या नळाचं पाणी, दुसऱ्यात त्यांच्या मशीनमधलं. मग पेटीतून धातूच्या दांड्या लावलेलं एक यंत्र काढलं, दांड्या दोन्ही ग्लासांत सोडल्या आणि बटण दाबलं.

मशीनच्या पाण्याला काहीही झालं नाही. नळाच्या पाण्यात आधी बुडबुडे आले, मग ते हिरवट झालं, मग गढूळ, आणि बघता बघता त्यात तपकिरी गाळाचे असे काही गोळे तरंगू लागले की पुढे उभ्या असलेल्या बायका मागे सरकल्या. टायवाल्यांनी आवाज खाली आणून सांगितलं की हे सगळं रोज आपल्या पोटात जातं.

पोस्टात काम करणाऱ्या ताई सगळ्यात वरच्या मजल्यावर राहायच्या. त्यांच्या कडेवर छकुली होती. त्या पोरीचं पोट महिनाभर ठिकाणावर नव्हतं. औषध संपलं की पुन्हा सुरू. ताईंनी त्या ग्लासाकडे पाहिलं आणि छकुलीला नुसतं जवळ धरलं.

सर मागून पुढे आले. वर्गात शिरताना यायचे तसेच, सावकाश. त्यांनी घसा साफ केला आणि सांगितलं की ही घाण पाण्यातली नाही, दांड्यांमधली आहे. वीज गेली की लोखंड विरघळतं, त्याचा हा गाळ. नळाच्या पाण्यात क्षार असतात म्हणून त्यातून वीज जाते. मशीनच्या पाण्यात ते उरतच नाहीत म्हणून जात नाही. म्हणजे हा ग्लास फक्त एवढंच सांगतो की नळाच्या पाण्यात क्षार आहेत, आणि ते तर असायलाच हवेत.

चेअरमननी शांतपणे ऐकून घेतलं. हे चेअरमन कापडाचं दुकान चालवत आणि कुठल्याही वादात दोन्ही बाजूंना समजावून शेवटी स्वतःचंच खरं करत. ते म्हणाले, "सर, तुमचं ते पुस्तकातलं झालं. हे बघा, हे प्रत्यक्ष आहे."

लोक हसले. कोणी वाईट मनाने हसलं नाही, आणि तेच सरांना जास्त लागलं. वाईट मनाने हसणाऱ्याला उलट उत्तर देता येतं. प्रेमाने हसणाऱ्याचं काय करायचं, हे त्यांना कुठल्याच प्रशिक्षणात शिकवलं नव्हतं.

मग मशीनची मागणी नोंदवायला रांग लागली. सर ती रांग तिरस्काराने न्याहाळत होते, तेवढ्यात त्यांना मध्येच एक ओळखीची साडी दिसली. साडीत काकू होत्या. काकू म्हणजे सरांच्या पत्नी. इमारतीला त्या काकू होत्या आणि सरांना गेली कित्येक वर्षं 'अगं' होत्या.

घरी आल्यावर सरांनी सुनावलं की निदान आपल्या नवऱ्यावर तरी विश्वास ठेवायचा. काकूंनी भाजी चिरता चिरता सांगितलं की विश्वास आहे, पण गाळ दिसला होता. सर म्हणाले, गाळ लोखंडाचा होता. काकू म्हणाल्या, असेल, पण गाळ तो गाळ. सरांनी त्याच रात्री ठरवून टाकलं की आता बोलायचं नाही, करून दाखवायचं.

मशीन बसवायचा दिवस पुढच्या रविवारी होता. त्याआधी प्रयोगाची तयारी व्हायला हवी होती. सरांच्या माळ्यावर जुन्या गाडीची बॅटरी चार्ज करायचा एक चार्जर होता. गाडी विकून जमाना झाला होता, पण चार्जर टाकून द्यायचा नसतो असं सरांचं तत्त्व होतं, आणि माळा पाहता हे तत्त्व त्यांनी बऱ्याच वस्तूंना लावलेलं दिसत होतं. त्यांनी दोन मोठे खिळे घेतले, ग्लासात सोडले, वायर जोडल्या. पाणी थोडं हिरवट होऊ लागलं. सर हरखले. जवळून पाहावं म्हणून त्यांनी ग्लास उचलला, दोन्ही खिळे एकमेकांना चिकटले, चार्जरमधून ठिणगी उडाली आणि सगळ्या इमारतीची वीज गेली.

एवढ्यावर भागलं असतं. पण चेअरमन त्या क्षणी लिफ्टमध्ये होते. लिफ्ट पहिल्या आणि दुसऱ्या मजल्याच्या मध्ये अडकली. जाळीतून चेअरमनचे कमरेपर्यंतचे पाय दिसत होते. वायरमन येईपर्यंत त्यांना धीर द्यावा म्हणून सर जाळीजवळ खुर्ची घेऊन बसले, आणि वेळ वाया का घालवायचा म्हणून विद्युत अपघटन म्हणजे काय ते त्यांना समजावून सांगू लागले. चेअरमनना पळून जाणं शक्य नव्हतं. पुढे कोणीतरी विचारलं तेव्हा ते म्हणाले की अंधाराचं काही वाटलं नाही, पण ऋण टोक आणि धन टोक हे त्यांना आता मरेपर्यंत विसरता येणार नाही.

इकडे इमारतीत नळाचं पाणी पिणं बंद झालं होतं. मशीन येईपर्यंत काय करायचं यावर प्रत्येकाचा स्वतंत्र अभ्यास होता. एकजण पाणी निम्मं होईपर्यंत उकळत होते आणि मग उरलेलं निम्मं जास्त दाट वाटतं म्हणून फेकून देत होते. एका घरात माठाखाली लोहचुंबक ठेवलं होतं, म्हणजे गाळ खाली बसेल. समोरच्या दारातले विमा एजंट जिन्यात भेटले की हळूच सांगत की सगळ्यात उत्तम उपाय म्हणजे पाणी कमी पिणे. सरांच्या घरात काकू विकतच्या बाटलीचं पाणी पीत आणि सर नळाचं. सर नळाचं पाणी पिताना मुद्दाम खिडकीत उभे राहत, म्हणजे समोरच्या इमारतीलाही दिसावं.

शेवटी सरांना सुचलं की आपल्या तोंडाला किंमत नसेल तर सरकारी तोंडाने बोलू. पाणीपुरवठा खात्याकडून पाणी तपासून घ्यावं, ते चांगलं आहे असं त्यांनाच म्हणू द्यावं. इस्त्रीचा शर्ट घालून ते खात्याच्या कचेरीत गेले. खिडकीपलीकडे एक बाई बसल्या होत्या. त्यांच्या समोर पंखा होता आणि पंख्याच्या वाऱ्यात उडू नये म्हणून प्रत्येक कागदावर काहीतरी जड ठेवलेलं होतं. एकावर तर त्यांची पर्सच होती.

"तक्रार काय आहे?" बाईंनी विचारलं.

"तक्रार नाही," सर म्हणाले. "पाणी चांगलं आहे."

बाईंनी पहिल्यांदा वर पाहिलं. "मग आलात कशाला?"

सरांनी समजावून सांगितलं. बाईंनीही समजावून सांगितलं. पाणी वाईट आहे अशी तक्रार आली तर माणूस जातो, नमुना घेतो, तपासतो. पाणी कमी येतं, गढूळ येतं, वास येतो, येतच नाही, या सगळ्यांची सोय आहे. चांगलं येतं, याची सोय नाही. तशी तक्रार आजवर कोणी केलीच नव्हती. बाईंनी आत जाऊन साहेबांनाही विचारलं. साहेबांनी बाहेर येऊन सरांकडे थोडा वेळ पाहिलं, घरी सगळं ठीक आहे ना असं विचारलं, आणि परत आत गेले.

आता इथे सरांनी घरी परत यायला हवं होतं. पण मागे रांगेतले लोक चुळबुळत होते, शर्टाची इस्त्री मोडत चालली होती, आणि रविवार जवळ येत होता. शेवटी सर म्हणाले, "बरं, मग पाणी वाईट आहे असं लिहा." आयुष्यभर उत्तरपत्रिकेत चुकीचं उत्तर दिसलं की लाल रेघ मारणाऱ्या माणसाला हे सोपं गेलं नाही. बाई मात्र खूश झाल्या. आता सगळं नियमात बसलं होतं.

नियमात आणखीही एक गोष्ट बसत होती, ती त्यांना घरी आल्यावर कळली. पिण्याचं पाणी वाईट असल्याची तक्रार आली की तपासणी होईपर्यंत त्या इमारतीचा पुरवठा बंद ठेवायचा. दुसऱ्या दिवशी सकाळी खात्याचा माणूस आला, फाटकाजवळचं झाकण उघडलं, चावी फिरवली आणि निघून गेला. कोणी तक्रार केली, असं विचारल्यावर त्याने सरांचंच नाव सांगितलं आणि वर हेही सांगितलं की गृहस्थ फार सभ्य होते.

त्यानंतरचे दोन दिवस सरांनी कसे काढले ते त्यांनाच ठाऊक. गच्चीवरच्या टाकीत होतं तेवढं पाणी पुरवून वापरायचं होतं. लोकांनी बादल्या घेऊन शेजारच्या इमारतीत रांगा लावल्या. रांगेत सर आले की पुढचे लोक आदराने बाजूला होत आणि म्हणत, "सर, तुम्ही आधी घ्या, तुमच्यामुळेच तर आलोय सगळे." विमा एजंटनी विचारलं की पाणी चांगलं आहे म्हणणारे सर हेच की दुसरे कोणी. काकूंनी फक्त भांडी घासताना जरा जास्त आवाज केला. सर मात्र मान खाली न घालता बादली घेऊन जिने चढले. बादली निम्मीच भरलेली असायची, पण चालण्यात ऐट पूर्ण होती.

शनिवारी सकाळी खात्याच्या तपासनीस बाई आल्या. कमी बोलणाऱ्या, टोपी घातलेल्या, हातात छोटी पेटी. फाटकाजवळ त्यांनी मुख्य नळातून थोडं पाणी काढलं, परीक्षानळीत घेतलं, एका बाटलीतले थेंब टाकले. पाणी पिवळं झालं. सरांना आनंदाने उडी मारावीशी वाटली, पण ती त्यांनी मनातच मारली. पिवळा रंग म्हणजे पाण्यात जंतू मारणारा क्लोरीन शिल्लक आहे, पाणी सुरक्षित. त्यांनी आजूबाजूला पाहिलं. हे पाहायला नेमकं कोणीही खाली नव्हतं.

"आता टाकी," तपासनीस बाई म्हणाल्या.

गच्चीवर जाताना सर त्यांना गाळाची गोष्ट सांगत होते. टाकीपाशी पोचल्यावर ते बोलायचे थांबले. टाकीचं झाकण एका बाजूला सरकलेलं होतं. कोणाच्या तरी अँटेनाची वायर त्यातून खाली गेली होती, त्यामुळे ते बसतच नव्हतं. फटीत काड्या होत्या, पिसं होती, आणि आत वाकून पाहिलं तर पाण्यावर आणखी पिसं. पाणी स्वच्छ होतं. इतकं स्वच्छ की तळ दिसत होता.

बाईंनी नळीत पाणी घेतलं, थेंब टाकले. दोघंही पाहत राहिले. रंग आला नाही. बाईंनी नळी हलवली, पुन्हा थेंब टाकले. पाणी जसं होतं तसंच राहिलं, छान, नितळ, पारदर्शक.

कोणी काही सांगायची गरज नव्हती. क्लोरीन संपलेला, वर पक्ष्यांची घाण. या पाण्यात काय वाढत असेल ते सरांनी किती वर्गांना शिकवलं होतं, आणि आठवडाभर ते खिडकीत उभे राहून हेच पाणी अभिमानाने पीत होते. त्यांना स्वतःच्या पोटाचं काही वाटलं नाही. त्यांना छकुलीचं पोट आठवलं.

बाईंनी सांगितलं की टाकी रिकामी करा, घासा, जंतुनाशक लावा, झाकण बसवा. सोमवारी येऊन तपासेन. पिवळा रंग आला तर पुरवठा कायमचा चालू. टाकी धुऊन भरण्यापुरतं पाणी रविवारी सोडायला त्या सांगणार होत्या. त्या गेल्या. सर गच्चीवर एकटेच उरले. टायवाल्यांच्या ग्लासात जो रंग आला त्याला काही अर्थ नव्हता, आणि टाकीच्या पाण्यात जो रंग आला नाही त्यात सगळा अर्थ होता. वर्गात सांगायला हे वाक्य किती सुंदर होतं, असा विचार त्यांच्या मनात आला आणि त्याची त्यांना लाजही वाटली.

रविवारी संध्याकाळी खाली सगळे जमले. टायवाल्यांनी मशीनचे खोके आणून रचले होते. चेअरमननी दोन शब्द बोलायला सुरुवात केली, तेवढ्यात सर पुढे झाले आणि म्हणाले की खोके फोडण्याआधी पाच मिनिटं द्या. लिफ्टमधल्या अनुभवामुळे चेअरमनना सरांची पाच मिनिटं किती असतात ते माहीत होतं, पण नाही म्हणणं सभ्यपणाचं नव्हतं.

सरांनी टायवाल्यांना त्यांचंच यंत्र आणि त्यांचंच शुद्ध पाणी मागितलं. दांड्या पाण्यात सोडल्या, बटण दाबलं. पाणी स्वच्छच राहिलं. मग सरांनी खिशात हात घातला आणि त्यांचा चेहरा उतरला. मीठ घरी राहिलं होतं. आठवडाभराची तयारी, आणि मीठच नाही. लोक कुजबुजू लागले. तेवढ्यात मागून काकू आल्या आणि त्यांनी पदराआडून मिठाचा डबा टेबलावर ठेवला. "ओट्यावरच विसरला होतात," एवढंच म्हणाल्या.

सरांनी चिमूटभर मीठ त्या शुद्ध पाण्यात टाकलं. बुडबुडे आले. पाणी हिरवट झालं, गढूळ झालं, आणि तेच तपकिरी गोळे, तेच, त्याहूनही मोठे, वर येऊ लागले. एका बाईंनी तोंडावर हात ठेवला. सरांनी फक्त विचारलं, "माझ्या स्वयंपाकघरातल्या मिठात एवढी घाण कुठून आली?"

टाळ्या वाजल्या. अगदी मनापासून. विमा एजंट सगळ्यात जोरात वाजवत होते. टायवाले मात्र त्या ग्लासाकडे पाहतच राहिले होते. ते हळूच म्हणाले की त्यांना हे खरंच माहीत नव्हतं. कंपनीच्या प्रशिक्षणात असंच दाखवायला सांगितलं होतं, आणि पहिलं मशीन त्यांनी कर्ज काढून स्वतःच्या आईकडेच बसवलं होतं. सरांचा राग क्षणात उतरला. फसवणारा माणूस समोर असेल अशी त्यांची तयारी होती. फसलेला निघेल, याची नव्हती.

टाळ्या अजून चालू होत्या. सर इथे थांबले असते तर त्या दिवसाचे ते राजे होते. टाकीची गोष्ट त्यांच्याशिवाय इथे कोणालाच माहीत नव्हती. सगळे पांगल्यावर चेअरमनच्या कानात सांगता आली असती, गुपचूप माणूस लावून टाकी धुता आली असती. सरांनी टाळ्या वाजवणारे हात पाहिले. त्यात एक बाई टाळ्या वाजवत नव्हत्या, कारण त्यांच्या कडेवर मूल होतं.

"बसा," सर म्हणाले. "अजून संपलं नाही. गाळाबद्दल मी बरोबर होतो. पाण्याबद्दल चुकलो."

आणि त्यांनी सगळं सांगितलं. झाकण, पिसं, रंग न आलेली नळी. ग्लासात दिसते ती घाण खरी नाही आणि खरी आहे ती दिसत नाही, हेही सांगितलं. आपण स्वतः ते पाणी चांगलं म्हणून मिरवत होतो, हेसुद्धा त्यांनी लपवलं नाही.

मग जो गोंधळ झाला त्याला सीमा नव्हती. एकजण म्हणाले की मग मशीनच घ्या. दुसरे म्हणाले, मशीन खोटं आहे ना. तिसऱ्यांनी विचारलं की गाळ लोखंडाचा असेल तर पिसांमध्ये लोखंड असतं का. चेअरमन गप्प होते, कारण अँटेना त्यांची होती. सगळं शांत झाल्यावर प्रश्न उरला एकच: टाकीत उतरणार कोण. साफ करणारी माणसं दोन-तीन दिवसांवर मिळत होती, आणि सोमवारी तपासणी होती. सगळ्यांच्या नजरा एकमेकांवरून घसरत घसरत जिन्याकडे गेल्या.

सर घरी गेले आणि माळ्यावरून प्रयोगशाळेचा पांढरा कोट काढून घालून आले. चार्जरसारखाच तोही टाकून द्यायचा नव्हता.

टाकीतलं पाणी सोडून देऊन सर शिडीवरून आत उतरले. त्यांच्या मागे टायवाले, टाय सोडून खिशात घालून. वरून चेअरमन बादल्या देत होते, बाही दुमडून. सरांनी भिंती घासल्या, कोपरे घासले, ब्लीचिंग पावडर किती पाण्यात किती हे मोजून लावली, आणि लावताना झाकण पूर्ण उघडं का ठेवायचं, नाहीतर वायूने काय होतं, हे मोठ्याने सांगितलं. टाकीत आवाज घुमतो. तळमजल्यापर्यंत लोकांनी तो धडा ऐकला.

अडचण वर येताना झाली. आत जाताना सर कोरडे होते. आता ओला कोट अंगाला चिकटून फुगला होता. टाकीच्या तोंडातून त्यांची छाती बाहेर आली आणि पुढचं काही येईना. ना वर, ना खाली. विमा एजंटनी वाकून अत्यंत काळजीने विचारलं की सरांची पॉलिसी चालू आहे ना. चेअरमननी बगलेत हात घालून ओढलं, आतून टायवाल्यांनी ढकललं. ओढणं-ढकलणं एकाच वेळी होईना, म्हणून सरांनी तिथेच, तशाच अवस्थेत, दोघांना दिशा आणि बल यांचा संबंध समजावला. गच्चीवर जमलेली अख्खी इमारत ऐकत होती. एकही माणूस लांबून चालत गेला नाही. शिकवण्याच्या इतक्या वर्षांत त्यांना एवढा एकाग्र वर्ग कधी मिळाला नव्हता, आणि खरं सांगायचं तर बाहेर यायची त्यांना फारशी घाई राहिली नव्हती. पण मोजून ओढल्यावर ते निघाले.

टाकी धुतली, भरली, अँटेनाची वायर चेअरमननी स्वतः काढून दुसरीकडून नेली, झाकण घट्ट बसलं. सोमवारी तपासनीस बाई आल्या तेव्हा गच्चीवर एवढी गर्दी होती की त्यांनी कोणी गेलं का असं विचारलं. त्यांनी नळीत पाणी घेतलं, थेंब टाकले. मागचे लोक टाचा उंचावून पाहू लागले. पाणी पिवळं झालं, हलकं, उन्हासारखं पिवळं. बाईंनी सरांकडे पाहून नुसती मान हलवली आणि पेटी बंद केली. सरकारी माणसाची मान हलणं म्हणजे काय, हे ज्यांनी कचेऱ्यांच्या खिडक्या पाहिल्यात त्यांनाच कळेल.

लोक चेअरमनचं अभिनंदन करू लागले. चेअरमननी ते घेतलं. टायवाल्यांनी सरांना विचारलं की आईकडचं पाणी आधी ठीक होतं का. सर म्हणाले, कोण जाणे. तपासायला हवं, रविवारी येतो.

मग पोस्टातल्या ताई पुढे आल्या. त्यांच्या हातात छकुलीची छोटी बाटली होती, नुकतीच घरातल्या नळावर भरलेली. त्यांनी चेअरमनकडे पाहिलं नाही, तपासनीस बाईंकडे पाहिलं नाही.

"सर," त्या म्हणाल्या, "देऊ का हिला?"

सरांनी बाटली हातात घेतली. इतकी वर्षं त्यांना हजारो प्रश्न विचारले गेले होते, पण ज्याच्या उत्तरावर लगेच कोणी पाणी पिणार आहे असा हा पहिलाच. त्यांनी तपासनीस बाईंना पुन्हा पेटी उघडायला लावली. बाटलीतलं थोडं पाणी नळीत घेतलं, थेंब टाकले, पिवळा रंग आला. तरी त्यांनी क्षणभर वाट पाहिली.

"द्या," ते म्हणाले. "उद्यापासून आठवडाभर उकळून थंड करून द्या, पोट नीट बसेपर्यंत. आणि डॉक्टरांना टाकीचं सांगा. पण आज हे द्या."

छकुलीने एक घोट घेतला, क्लोरीनच्या वासाने नाक मुरडलं, आणि मग दोन्ही हातांनी बाटली धरून गटागटा प्यायली.

सर खाली निघाले. लिफ्ट चालू होती, पण लिफ्टने गेलेला माणूस कोणाच्या नजरेत भरत नाही. ते जिन्याने उतरले, ब्लीचिंगचे डाग पडलेल्या कोटात, एक हात कठड्यावर ठेवून, फार सावकाश. मजल्यामजल्यावर दारं उघडली. कोणी पाणी प्यायला बोलावलं, कोणी टाकी पुन्हा कधी धुवायची ते विचारलं, आणि सरांनी प्रत्येकाला उभ्या उभ्या सविस्तर सांगितलं. त्यांचं घर दुसऱ्या मजल्यावर होतं. ते दारावरून तसेच पुढे गेले, तळमजल्यापर्यंत उतरले, आणि मग पुन्हा वर आले.

काकू दारात उभ्या होत्या.

"खाली कोणी होतं का?" त्यांनी विचारलं.

"नाही," सर म्हणाले.

काकूंनी त्यांच्या कोटाकडे पाहिलं, कॉलर सरळ केली आणि म्हणाल्या, "मग जरा थांबून यायचं होतं. शेजारच्या इमारतीतल्या वहिनी आत्ता येतायत कामावरून."

सर वळले आणि पुन्हा जिना उतरू लागले.